पूर्ण वजन टाकून

मी मोटारसायकलींच्या सीटा बनवते. कंपनीची सीट उसवायची, आतला फोम काढून टाकायचा, बसणाऱ्याच्या अंगाला बसेल असा नवीन फोम कापायचा आणि वर रेक्झिन चढवायचं, हे माझं काम. धंदा वडिलांचा, दुकानही त्यांच्याकडूनच आलेलं, आणि दुकानावरच्या दोन खोल्यांत आमचं घर. माझ्याकडे येतात ते बहुतेक लांबच्या प्रवासाला निघालेले. हजार-दीड हजार किलोमीटरचा बेत आखतात, जॅकेट घेतात, बूट घेतात, हेल्मेटवर लावायला कॅमेरा घेतात, आणि निघायला चार दिवस उरले की यांना आठवतं की आपल्याला बूडही आहे. मग दुकानात येऊन म्हणतात, ताई, एकदम मऊ करून द्या. मी म्हणते, मऊ हवं असेल तर घरी गादीवर लोळा.

मऊ सीट पहिले पन्नास किलोमीटर लाड करते आणि मग सूड उगवते. फोम पुरता दबला की माणूस थेट खालच्या पत्र्यावर टेकतो. हलक्या माणसाला मऊ फोम, जड माणसाला कडक, इतकं साधं आहे हे. पण त्यासाठी वजन कुठे आणि किती पडतं ते कळावं लागतं, आणि विचारून ते कळत नाही. पैलवानासारखे गडी लाजतात आणि 'सगळं ठीक आहे' म्हणतात. म्हणून मी गाडी स्टँडवर लावते, सीटवर खडूची पूड भुरभुरते, गिऱ्हाइकाला पाऊण तास बसवते आणि तो उठल्यावर पूड कुठे पुसली गेली, कुठे दाबून बसली ते बघते. तोंड काहीही सांगेल, बूड खोटं बोलत नाही, असं मी वीस वर्षं छातीठोकपणे सांगत आले. माझ्या सासूबाईंनी मला खोटं पाडलं.

सासूबाई एकाहत्तरच्या. सासरे गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, आमच्याकडे असतात. आमच्याकडे म्हणजे मी आणि त्या. माझा नवरा जहाजावर इंजिनखात्यात आहे आणि वर्षातले चार महिने घरी येऊन आम्हा दोघींच्या मध्ये लुडबुड करतो. सासूबाईंबद्दल तक्रार करायला जागाच नाही, आणि हीच माझी तक्रार. चहा गोड झाला का? चालेल. पंखा बंद करू? कर. मग लावू? लाव. सहा वर्षांत या बाईने मला 'हे नको, ते हवं' असं एकदाही म्हटलं नाही. मी तापट आहे. माझ्याशी भांडणारं माणूस मला परवडतं, चालवून घेणारं नाही.

त्यांची दुसरी अडचण म्हणजे त्यांना गाडी लागते. बस असो, कार असो, दार लागलं की यांचा चेहरा पांढराफटक. उलटीच्या गोळीने एकदा रक्तदाब इतका खाली गेला की डॉक्टरांनी ती पुन्हा घ्यायची नाही अशी तंबीच दिली. चालते ती फक्त दुचाकी. सासऱ्यांच्या स्कूटरवर मागे बसून त्यांनी जन्म काढला. आता बाजारात किंवा दवाखान्यात जायचं तर माझ्या मोटारसायकलवर बसतात, खांद्यावर दोन बोटं टेकवून. पण सासरे गेल्यावर गावाबाहेर अशा त्या कधी पडल्याच नाहीत.

त्यांची धाकटी बहीण, आमची मावशी, डोंगरापलीकडे पाचशे चाळीस किलोमीटरवर राहते. रेल्वे तिकडे जात नाही. दोघींची भेट होऊन अकरा वर्षं झाली होती. दर रविवारी फोन, त्यात तास-तास बोलणं, एवढंच. मागच्या थंडीत मावशी न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर धरून चालायलाही लागली, पण आता तिला एकटीला ठेवायचं नाही असं तिच्या मुलाने ठरवलं. त्याची नोकरी आणखी दूर, मावशीच्या गावाच्याही चारशे किलोमीटर पुढे. तो पुढच्या आठवड्यातल्या रविवारी येऊन आईला कायमचा घेऊन जाणार, घराला कुलूप लागणार. हे सगळं फोनवर आलं तेव्हा सासूबाई दुकानात माझ्या शेजारीच होत्या. मावशी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे गं. फोनवर बोलतोच की आपण." आणि वर निघून गेल्या.

थोड्या वेळाने मी वर गेले तर त्या घेवडा चिरत होत्या. चिरलेलाच घेवडा पुन्हा चिरत होत्या, आणि डोळ्यांना पाणी होतं. कांदा असता तर मी दुर्लक्ष केलं असतं. मी म्हटलं, आज शुक्रवार, पुढच्या गुरुवारी निघायचं, शुक्रवारी संध्याकाळी पोचायचं, रविवारपर्यंत तुम्ही दोघी पोटभर बोला. त्या म्हणाल्या, तुझं दुकान? दुकान माझं आहे, मी बंद करीन, असं मी सांगितलं. त्यांनी सुरी खाली ठेवली, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "चालेल."

नवऱ्याने फोनवर आकाशपाताळ एक केलं. आईला मोटारसायकलवर, तेही एवढ्या लांब, डोकं ठिकाणावर आहे का, वगैरे. मी म्हटलं, तुझं जहाज डोंगर चढत असेल तर घेऊन ये, त्यात नेते. डॉक्टर मात्र शहाणे निघाले. त्यांनी रक्तदाब तपासला, गुडघे वाकवून पाहिले आणि सांगितलं की दर चाळीस किलोमीटरला उतरायचं, पाणी प्यायचं, पाच मिनिटं चालायचं, आणि कुठे दुखलं तर लगेच सांगायचं. सासूबाईंनी मान डोलावली. शेवटच्या सूचनेवर मी विश्वास ठेवायला नको होता.

त्या आठवड्यात मी बाकीची सगळी कामं बाजूला सारली. मागे टेकायला पाठ लावली, पाय ठेवायच्या जागा दोन बोटं खाली घेतल्या म्हणजे गुडघे जास्त दुमडायला नकोत. त्यांना घालायला दिलेल्या माझ्या जुन्या सुती पँटची आतली शिवण उसवून ती बाहेरच्या बाजूला घेतली, कारण शंभर किलोमीटरनंतर शिवणीसारखा शत्रू नाही. कानात घालायला कापूस, मानेला ओला करून बांधायला रुमाल, कोपराला आधार. आणि सीट. सीटसाठी मी सासूबाईंना रीतसर गिऱ्हाइकासारखं स्टँडवरच्या गाडीवर बसवलं, पूड भुरभुरली, घड्याळ लावलं. पाऊण तास त्या देवळात बसावं तशा बसल्या. उठल्यावर पाहिलं तर पूड जेमतेम पुसली गेली होती, सगळीकडे सारखी. मला वाटलं, म्हातारपणी बाई किती हलकी झाली आहे. मला थोडं रडूही आलं. मग त्या हिशोबाने मी मऊ फोम घेतला, तीन थर दिले आणि वर माझ्याकडचं सगळ्यात चांगलं काळं रेक्झिन चढवलं. कशी झाली, विचारलं. "छान," त्या म्हणाल्या.

गुरुवारी उजाडता उजाडता निघालो. पहिल्या थांब्याला त्या हसऱ्या होत्या. दुसऱ्या थांब्याला हेल्मेट काढून त्यांनी केस नीट केले आणि रस्त्याकडेच्या उसाकडे बघत राहिल्या. तिसऱ्याला मी विचारलं, ठीक ना? ठीक. दीडशे किलोमीटर झाल्यावर एका चहाच्या टपरीवर थांबलो. मी बाकड्यावर बसले, बशीत बिस्किटं ठेवली. सासूबाई कप हातात घेऊन उभ्या राहिल्या. बसा ना, म्हटलं. असू दे, पाय मोकळे करते, म्हणाल्या. मी चहा संपवला, दुसरा मागवला, तोही संपवला. त्या उभ्याच. एका हाताने टपरीचा खांब धरला होता, आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती.

वीस वर्षं मी बसणारी माणसं बघते आहे. न बसणारं माणूस ओळखायला मला दोन कप चहा लागले, याची मला अजून लाज वाटते.

मी जाऊन सीटवर मूठ दाबली. फोम मधोमध बसला होता. मुठीला खालचा पत्रा लागला. हे हलक्या बाईचं काम नव्हे. मी म्हटलं, आई, हे कधीपासून टोचतंय? त्या म्हणाल्या, नाही गं, एवढं काही नाही. मी पुन्हा विचारलं. तेव्हा म्हणाल्या, पहिल्या थांब्याच्या आधीपासून. आणि मग हळूहळू, माझ्याकडे न बघता, बाकीचं सांगितलं. दुकानात पूड टाकून बसवलं तेव्हा त्या पुऱ्या बसल्याच नव्हत्या. पायांवर जोर देऊन, हात टेकून, पाऊण तास अर्ध्या अधांतरी राहिल्या होत्या.

"एकाहत्तराव्या वर्षी? पाऊण तास? कशासाठी?" मी विचारलं.

"तू एवढी मन लावून करत होतीस. म्हटलं, आपल्या वजनाने दबायला नको."

माझं डोकंच फिरलं. टपरीवाला बघत होता, तरी मी ताडताड बोलले. सीट दबायलाच असते, म्हटलं. तुमच्या या चालेल-चालेलने माझा जीव नकोसा केलाय, म्हटलं. आता तुमची पाठ धरली, उद्या उठता आलं नाही तर मी तुमच्या मुलाला काय तोंड दाखवू? बस झालं, परत जाऊ, दीडशे किलोमीटर मागे जाणं तीनशे नव्वद पुढे जाण्यापेक्षा बरं. मी हेल्मेट उचललं. सासूबाईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि पोटाशी धरलं.

"परत नको," त्या म्हणाल्या. "मला तिला बघायचंय."

आवाज चढवला नव्हता, पण त्यांच्या तोंडून 'मला' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. माझा राग जागच्या जागी विरला.

टपरीवाल्याने सांगितलं की पुढच्या चौकात एक सोफे बनवणारा आहे. तिथवर सासूबाई चालत आल्या आणि मी गाडी ढकलत नेली. सोफेवाला पहिल्यांदा खेकसला, मोटारसायकलीचं काम इथे होत नाही म्हणून. मी म्हटलं, तुम्ही करूच नका, फक्त पातं द्या आणि फोमचा चुरा दाबून केलेली कडक लादी असेल तर ती द्या. मी रेक्झिनच्या पिना कशा उपटते ते त्याने पाहिलं, आणि आपलं टेबल रिकामं करून दिलं. नंतर तर एक स्टूल आणून सासूबाईंना म्हणाला, काकू, बसा. त्या स्टुलाच्या कडेवर टेकल्या.

आणि मला दिसलं. म्हणजे सहा वर्षं समोर होतं ते तेव्हा दिसलं. घरच्या खुर्चीवरही त्या अशाच बसतात, कडेला, चार बोटं जागेवर. पलंगावर भिंतीच्या कडेला अंग चोरून झोपतात. जेवताना पान मांडीवर घेतात, टेबलाचा कोपराही अडवत नाहीत. मी समजत होते, सवय असेल. पातं हातात तसंच धरून मी विचारलं, आई, तुम्ही माझ्या घरातही अधांतरीच बसता का?

त्यांनी सोफेवाल्याच्या खिळ्यांच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "घर तुझ्या वडिलांचं. मुलगा माझा, पण तो समुद्रावर. तू मला ठेवून घेतलंस. कुणी ठेवून घेतलं की माणसाने कमी जागेत बसावं."

मला रडू कोसळलं. सोफेवाला शहाणा माणूस, तो सुतळी शोधायला आत गेला. मी म्हटलं, ठेवून वगैरे मी कुणाला घेतलं नाही, मला माणूस हवं होतं. तुम्ही वरती खोकलात की खाली दुकानात मला बरं वाटतं, घरात कुणीतरी आहे म्हणून. तुम्ही एकदा तरी चहाला नावं ठेवा म्हणून मी मुद्दाम त्यात साखर जास्त घालत होते, एक अख्खं वर्ष. "मुद्दाम?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "फार वाईट चहा होता गं तो," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसायला लागलो ते थांबेचना.

मग कामाला लागलो. खाली कडक लादी घातली, मऊचा एकच थर वर ठेवला. खडू सोफेवाल्याकडचा, खुणा करायचा, तोच किसून पूड केली. सासूबाईंना गाडीवर बसवलं. पाय पायदानावरून काढायला लावले, हात मांडीवर ठेवायला लावले, आणि सांगितलं, आता पूर्ण वजन टाका. त्यांना जमेना. श्वास रोखून अंग वर उचलून धरत होत्या. मी त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि वाट पाहिली. किती वेळ गेला कोण जाणे. मग एकदाच त्यांच्या छातीतून लांब श्वास बाहेर पडला, खांदे खाली आले, आणि बाई सीटवर बसली. गाडीची मागची स्प्रिंग कुरकुरली. मी म्हटलं, अगं बाई, केवढ्या जड आहात तुम्ही. त्या म्हणाल्या, मग, मी काय कापसाची आहे?

उठल्यावर पूड पाहिली. उजवीकडे खोल, डावीकडे कमी. विचारलं तर म्हणाल्या, उजवीकडे टोचतं, तिथलं काढ. काढलं. एवढं नको, जरा भर. भरलं. पुढचा उतार कमी कर, मी घसरते. केला. मी वीस वर्षांत इतकं चोखंदळ गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. तीन तास गेले. दिवसाची सगळी आखणी कोलमडली, मुक्काम ठरलेल्या गावाच्या अलीकडेच करावा लागला, आणि मला आठवड्यात पहिल्यांदा हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ही बाई गप्प बसली असेल तर शपथ. हळू चालव. आता वेगात चालव, मागचा ट्रक धूर सोडतोय. इथे थांब. इथे नको, घाण आहे. घाटात तर वळणं कशी घ्यायची हेही मला शिकवलं. मी कुरकुरले, पण हेल्मेटच्या आत मी हसत होते. खांद्यावर दोन बोटं नव्हती आता. दोन्ही हात माझ्या कमरेला होते आणि पाठ मागे टेकलेली.

उशीर झाला, तरी शुक्रवारी अंधार पडता पडता पोचलो. मावशी वॉकर धरून फाटकात उभी होती. कधीपासून उभी होती ते तिने सांगितलं नाही. दोघी बहिणींनी एकमेकींना नुसतं धरलं. वॉकर मध्येच आडवा आला म्हणून मी तो बाजूला घेतला, तर दोघींनी माझ्याही खांद्याचा आधार घेतला, आणि मी खांबासारखी उभी राहिले.

पुढचा दीड दिवस त्या बोलत होत्या आणि भांडत होत्या. उशी कुणाला कुठली, खिडकी उघडी की बंद, लहानपणी आरसा कुणी फोडला. दिवाण असा व्यापून बसल्या होत्या की मला टेकायलाही जागा नव्हती. मी मावशीच्या सामानाची खोकी बांधत होते. जरा मत्सर वाटला, खोटं कशाला बोलू.

रविवारी सकाळी मुलगा कार घेऊन आला. खोकी चढली, घराला कुलूप लागलं. मावशीला पुढच्या सीटवर बसवून त्याने पट्टा लावला, आणि तिचा बांध फुटला. खिडकीतून सासूबाईंचा हात धरून ती म्हणाली, ताई, आता कुठली गं भेट. त्याच्या घरापर्यंत तू कशी येणार? तुला गाडी चालत नाही, मला उठता येत नाही. ही शेवटचीच. मुलगा स्टिअरिंगवर मान खाली घालून बसला. मी हेल्मेट हातात घेऊन उभी होते आणि काय ऐकू येणार ते मला माहीत होतं. जाऊ दे गं, फोनवर बोलतोच की आपण.

सासूबाईंनी मानेच्या रुमालाने बहिणीचे डोळे पुसले. मग खिडकीत वाकून मुलाला म्हणाल्या, "तुझा पत्ता हिला नीट लिहून दे. थंडी सरली की आम्ही येतोय. मी पंधरा दिवस राहणार आहे."

मला विचारलं नव्हतं. माझ्या तोंडाकडे बघितलंही नव्हतं. सवयीने मी हिशोब केला आणि म्हटलं, आई, साडेनऊशे किलोमीटर होतात, पाच दिवस लागतील.

"चार," त्या म्हणाल्या. "तू उगाच जास्त धरतेस."

मी कागद मागून घेतला आणि पत्ता लिहायला लागले.